रक्त तपासले, पुढे काय? वाळवा तालुक्यातील ऊसतोड टोळ्यांमधल्या एका अभ्यासाचे प्रकरण

हे प्रकरण आरोग्य-संशोधनातला न्यायाचा प्रश्न शिकवण्यासाठी रचलेले आहे. यातले महाविद्यालय, टोळी, मुकादम आणि बाई म्हणजे कोणी एक खरी संस्था किंवा व्यक्ती नाही. हंगामाची रीत, नियम आणि औषधांच्या मात्रा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत. खर्चाचे आकडे जिथे गृहीत धरले आहेत तिथे तसे म्हटले आहे.

परिस्थिती

कृष्णाकाठच्या वाळवा तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे टोळ्या उतरतात. बहुतेक बीड जिल्ह्यातल्या, काही सांगलीच्याच जत भागातल्या. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि कारखाना सुरू झाला की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्चपर्यंत, पहाटे चारपासून फडात काम चालते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते आणि हिशेबही कोयत्याचाच होतो. दोघांपैकी एक जण बसला की दुसऱ्याचेही काम अडते, वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. अनेक टोळ्यांत हा खाडा दिवसाला ५०० रुपये किंवा त्याहून जास्त असतो.

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाने या टोळ्यांतल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचे हिमोग्लोबिन मोजायचे आणि पाळीत अंगावरून जास्त जाण्याची तक्रार किती जणींना आहे ते पाहायचे ठरवले. प्रश्न रास्त होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण कोपीतली बाई अशा घरोघरच्या पाहणीत सहसा सापडत नाही. तिच्या गावच्या घराला कुलूप असते आणि इथल्या कोपीला घरक्रमांक नसतो.

नैतिकता समितीची मंजुरी मिळाली. संमतीपत्र मराठीत होते. कारखान्याच्या शेती विभागाचे पत्रही हातात होते. पथदर्शी तपासणीत तिसऱ्या टोळीतल्या २६ वर्षांच्या एका बाईचे हिमोग्लोबिन ६.४ (दर १०० मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम) निघाले. वजन ४२ किलो, दोन मुले, पाळी नऊ-नऊ दिवस. प्रस्तावात अशा वेळेसाठी एकच ओळ होती: ‘हिमोग्लोबिन ८ च्या खाली आढळल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची संदर्भ चिठ्ठी द्यावी.’ ती दिली गेली.

चार दिवसांनी पाहणी करणारी मुलगी पुन्हा गेली, तेव्हा चिठ्ठी कोपीच्या ताडपत्रीच्या घडीत खोचलेली होती. बाई गेली नव्हती. “जायचं तर मालकाचाबी कोयता बसतो, ताई. खाडा कोण भरणार?” शेजारच्या कोपीतली वयस्क बाई तिला समजावत होती, “एकदाची पिशवी काढून टाक. पाळीबी गेली अन् खाडाबी गेला.” त्याच संध्याकाळी मुकादमाने, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराने, पथकप्रमुखाला बाजूला घेतले. “सर, कोणाकोणाचं रक्त कमी हाय तेवढी यादी द्या. पुढल्या साली उचल देताना बघतो.”

कागदोपत्री काहीच चुकलेले नव्हते. आमच्या मते प्रश्न इथूनच सुरू होतो. बोटाला टोचून ६.४ हा आकडा संशोधकाने स्वतः शोधून काढला. त्याआधी तो कोणालाच ठाऊक नव्हता. शोधणाऱ्यावर त्या आकड्याची जबाबदारी येते, आणि ती जबाबदारी पार पडते की नाही हे प्रस्तावातल्या अंदाजपत्रकात आणि उपचाराच्या वाटेत ठरते. संमतीपत्राची भाषा कितीही सुंदर असली तरी ती या कामी येत नाही.

काय देणे लागते

संशोधनाच्या ओघात सापडलेल्या, पण संशोधनाच्या प्रश्नाचा थेट भाग नसलेल्या आजाराची काळजी कोणी घ्यायची, यावर हेन्री रिचर्डसन आणि लिआ बेल्स्की यांनी २००४ मध्ये महत्त्वाची मांडणी केली. माणूस संशोधकाला आपले शरीर आणि माहिती काही प्रमाणात सोपवतो. तेवढ्या प्रमाणात संशोधक त्याच्या आरोग्याला बांधील होतो, असा तिचा गाभा. जबाबदारी किती, हे संबंध किती दाट, माणूस किती अगतिक आणि मदतीचा भार किती यावर ठरते. सीआयओएमएस या वैद्यकीय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहावे तत्त्व नेमके सहभागी व्यक्तींच्या आरोग्यविषयक गरजांची काळजी घेण्याचे आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीत दुर्बल गटांसाठी वेगळा विभाग आहे आणि सहभागामुळे बुडालेली मजुरी व प्रवासखर्च भरून देण्याची मुभा आहे.

आपल्या प्रकरणात हिमोग्लोबिन हाच अभ्यासाचा विषय आहे. म्हणजे हे ‘ओघात सापडलेले’ सुद्धा नाही. जे शोधायला गेलो तेच सापडले. तेव्हा बांधिलकी अधिकच घट्ट. ‘आम्ही संशोधक आहोत, उपचार हे सरकारचे काम’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास पुढे येतो. सरकारचे काम आहेच. पण सरकारी केंद्र सकाळी उघडते आणि बाई पहाटे चारला फडात जाते, हे अभ्यास आखणाऱ्याला आधीपासून माहीत असते. न पोचणाऱ्या सेवेची चिठ्ठी देऊन सुटका होत नाही.

मोजमापच आधी नीट व्हायला हवे

उपचाराचा निर्णय ज्या आकड्यावर उभा राहणार, तो आकडा डिसेंबरच्या थंडीत, उघड्या रानात घेतला जातो. हिमोक्यूसारख्या यंत्राच्या क्युव्हेटला (रक्त भरायच्या छोट्या पट्टीला) १० मायक्रोलिटर रक्त लागते. एवढ्याशा थेंबात चूक व्हायला वेळ लागत नाही.

ऊसतोड करणाऱ्या बाईच्या बोटांना घट्टे असतात, पाचटाने चिरा पडलेल्या असतात आणि संध्याकाळी बोटे गार असतात. थेंब येत नाही म्हणून बोट दाबले की पेशींच्या आजूबाजूचे पाणी रक्तात मिसळते आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून आधी कोमट पाण्याने हात धुवायचे आणि मिनिट-दोन मिनिटे पाण्यातच ठेवायचे. मधले किंवा अनामिका बोट घ्यायचे, कडेला टोचायचे. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने पुसायचे, तिसरा घ्यायचा. क्युव्हेट एका दमात भरायचे. हवेचा बुडबुडा दिसला की ते टाकून द्यायचे, वरून पुन्हा रक्त भरायचे नाही. उलट बाजूची चूकही आहे. दिवसभर घाम गाळून, पाणी न पिता आलेल्या बाईचे रक्त दाटलेले असते आणि आकडा खोटा जास्त येतो. फडावरून आल्या आल्या टोचू नये. पाणी द्यावे, किमान वीस मिनिटे बसू द्यावे.

आकडा ८ च्या खाली आला तर दुसऱ्या हाताच्या बोटावर तिथेच पुन्हा तपासावे, आणि शिरेतल्या रक्ताची तपासणी होईपर्यंत त्याला ‘संशयित तीव्र’ म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ च्या खाली रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र. २०२४ पूर्वीच्या, अजूनही सर्रास वापरात असलेल्या वर्गवारीनुसार गरोदर स्त्रीसाठी हे उंबरठे ११ आणि ७ आहेत. त्यामुळे शेवटच्या पाळीची तारीख विचारावीच लागते, आणि ती नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारायची नसते.

लॅन्सेट (टोचणी), कापूस, क्युव्हेट काही म्हणजे काही रानात सोडायचे नाही. तिथे पोरे अनवाणी फिरतात. छिद्र न पडणारा डबा सोबत न्यायचा आणि महाविद्यालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात जमा करायचा.

हंगाम आणि नमुना

५४ टक्के प्रमाण, ५ टक्क्यांची अचूकता आणि ९५ टक्के विश्वासपातळी धरली तर ३८२ बायका लागतात. एका टोळीतल्या बायकांचे खाणे, काम, पाणी सारखेच असल्यामुळे डिझाइन इफेक्ट, म्हणजे गटागटाने नमुना घेतल्यामुळे करायची वाढ, १.५ पट धरावा लागतो: ५७३. दहा टक्के नकार गृहीत धरले की ६३७. एका टोळीतून आठ जणी घेतल्या तर ८० टोळ्या.

इथपर्यंत सगळे पाठ्यपुस्तकाप्रमाणे. खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. संमती, मुलाखत, तपासणी मिळून एका बाईला वीस मिनिटे लागतात. दोन मुलाखतकार असले तर आठ जणींना एक तास वीस मिनिटे. त्याहून जास्त वेळ संध्याकाळी मिळत नाही, कारण भाकरी थापायच्या असतात आणि रात्री गाडी भरायला कधी बोलावणे येईल सांगता येत नाही. दोन पथकांना मिळून ४० संध्याकाळी हव्यात. लोहाचा उपचार तीन महिन्यांचा आहे. ३१ डिसेंबरला नोंदलेल्या बाईचा उपचार ३१ मार्चला संपेल आणि तोवर बहुधा पट्टा पडलेला असेल. म्हणजे १५ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या ४७ दिवसांतच नोंदणी उरकायला हवी. फेब्रुवारीत ‘नमुना पुरा करण्यासाठी’ नव्या बायकांना टोचणे म्हणजे उपचार पुरा होणार नाही हे ठाऊक असून टोचणे. नमुना कमी पडला तरी चालेल, असा निर्णय समितीने आधीच लिहून घ्यावा.

टोळ्यांची यादी कारखान्याकडे मिळते, पण तीत करार केलेल्याचे आणि वाहनाचे नाव असते. बाईचे नाव कुठेच नसते. त्यामुळे प्रत्येक कोप्यांच्या तळावर जाऊन बायकांची यादी नव्याने करावी लागते. यात एकट्या राहणाऱ्या, अर्ध्या कोयत्यावर आलेल्या बायका आणि भावंडे सांभाळायला आणलेल्या मुली हमखास सुटतात, म्हणून त्यांची चौकशी नाव घेऊन करावी.

संमती कोणाची

शेती अधिकारी, चिटबॉय (कारखान्याचा फडावरचा कर्मचारी), मुकादम यांच्याकडून प्रवेशाची परवानगी घ्यावीच लागते. ती संमती नव्हे. पथदर्शी तपासणीत एक बाई म्हणाली, “मुकादमानं बसा म्हणलं म्हणून बसलोत. नाही म्हणलं तर चालतंय का?” हा प्रश्न विचारण्याचे धाडस करणारी एक, तर तो मनातच ठेवणाऱ्या दहा.

यावर एक साधा उपाय आहे. निवडलेली प्रत्येक बाई पडद्याआड किंवा गाडीत एकटी जाते आणि वीस मिनिटे आतच थांबते, मग तिने होकार दिलेला असो वा नकार. नकार देणारीला पाणी, शेंगदाणा-गुळाची पुडी आणि हवी असेल तर आरोग्याची माहिती मिळते. होकार देणारीलाही तेवढेच मिळते. बाहेर बसलेल्या मुकादमाला आणि नवऱ्याला फरक कळत नाही. नकाराला किंमत मोजावी लागत नसेल तरच होकाराला अर्थ आहे, आणि पहिल्या दहा टोळ्यांत एकही नकार आला नाही तर काहीतरी बिनसले आहे असे समजून थांबावे.

ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या अंगठ्याला त्रयस्थ, साक्षर साक्षीदार लागतो. कोप्यांवर साक्षर माणूस बहुधा मुकादमच सापडतो, तो चालणार नाही. यजमान गावच्या आशाताई किंवा शिक्षिकेला मानधन देऊन सोबत न्यावे. भाषेचेही पाहावे. तांड्यावरून आलेल्या टोळ्यांत बायका आपसात गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात. त्यांना मराठी समजते, पण ‘कधीही माघार घेता येईल’ हे त्यांच्या बोलीत सांगणारी बाई पथकात असली तर प्रश्न वाढतात, आणि प्रश्न वाढणे चांगलेच.

१५ ते १७ वर्षांच्या मुलींचा मुद्दा अवघड आहे. त्यांना वगळले तर सर्वांत मुक्या असलेल्या गटाचा आकडाच नाहीसा होतो. घेतले, तर पालकाची संमती आणि मुलीचा होकार दोन्ही लागतात, आणि आईबाप बीडमध्ये असतात. शिवाय अल्पवयीन मुलगी गरोदर असल्याचे कळले तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. गुप्ततेची ही मर्यादा प्रश्न विचारण्याआधी सांगायला हवी, नंतर नाही. आम्ही सुचवतो ते असे: या वयोगटात फक्त हिमोग्लोबिन मोजावे, लग्न वा गरोदरपणाची प्रश्नावली ठेवू नये, पालक कोण मानायचा ते समितीकडून आधी लेखी घ्यावे, आणि मुलीने स्वतःहून सांगितलेच तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या मदतीने तिची सुरक्षितता पाहत पुढचे पाऊल टाकावे.

तुलनागट ठेवायचा का

मूळ प्रस्तावात मोजणीनंतर निम्म्या टोळ्यांना लोहाच्या गोळ्या व पाठपुरावा आणि निम्म्यांना ‘नेहमीची सेवा’ अशी रचना होती. नेहमीची सेवा म्हणजे फडात काहीही नाही.

हा वाद जुना आहे. आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग झिडोवुडिन या औषधाने सुमारे दोन-तृतीयांश कमी होतो हे १९९४ मध्ये सिद्ध झाले होते. तरीही त्यानंतर आफ्रिका आणि थायलंडमध्ये स्वस्त, छोट्या मात्रेच्या चाचण्या प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गट ठेवून झाल्या, आणि पीटर लुरी व सिडनी वुल्फ यांनी १९९७ मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतला. आपल्या जवळचे उदाहरण तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्याचे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, खेड्यांचे ५२ समूह, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन प्रकारच्या तपासण्या आणि चौथा, तपासणी नसलेला गट. २००९ मध्ये निकाल आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलनागटात ६४. या ज्ञानाचा जगाला उपयोग झाला हे खरेच आहे. तपासणीने जीव वाचतो याचे पुरावे आधीच असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

वाळव्यात एवढी खोल चर्चा करायची गरजच पडत नाही. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात या गोळ्या बायकांच्या हक्काच्या आहेत. हक्काची वस्तू रोखून धरून तुलना करता येत नाही. प्रश्न बदलावा: गोळ्या आरोग्य केंद्रातून घ्यायच्या की टोळीतल्याच एका प्रशिक्षित बाईच्या हातून कोपीवर मिळायच्या? उपचार दोन्ही गटांना, फरक पोचवण्याच्या पद्धतीत. कारखाना आणि जिल्हा परिषद या दोघांनाही याच उत्तराची गरज आहे.

गोळ्यांची बाजू

गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. सौम्य आणि मध्यम रक्तक्षयाला रोज दोन. ६३७ पैकी ५४ टक्के म्हणजे ३४४ बायका, ९० दिवस: ६१,९२० गोळ्या. आरोग्य केंद्राचा साठा तिथल्या कायमच्या लोकसंख्येवर ठरतो. न सांगता टोळ्यांना तिथे पाठवले तर जानेवारीत साठा संपेल आणि गावातल्या गरोदर बायका परत जातील. एका गरिबाचा हक्क दुसऱ्याच्या ताटातून काढून द्यायचा नसतो. म्हणून ऑक्टोबरमध्येच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे ही वाढीव मागणी आकड्यासह नोंदवावी.

गोळ्या का सुटतात याची कारणे ठरलेली आहेत. उपाशीपोटी घेतली की मळमळते, आणि फडात मळमळले तर काम होत नाही. म्हणून एक दुपारच्या भाकरीनंतर, एक रात्रीच्या जेवणानंतर, चहापासून तासभर लांब. शौच काळे होते हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून गोळ्या बंद करते. एका वेळी १५ दिवसांच्या ३० गोळ्याच द्याव्यात, आणि त्याही घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोपीच्या आड्याला उंच टांगून. लाल साखरी वेष्टनाची गोळी लहान मुलाला खाऊ वाटते. दहा किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर ते जिवावर बेतू शकते. कोपीत कपाट नसते आणि आई दिवसभर फडात असते, हे लक्षात घेतले तर ही सूचना शेवटच्या ओळीत टाकण्यासारखी नाही.

महिन्याने पुन्हा तपासणी. हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वाढायला हवे. नाही वाढले तर गोळ्या घेतल्या का, अंगावरून किती जाते, जंत, ब-१२, थॅलसेमिया या क्रमाने डॉक्टरांनी पाहावे. जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदा द्यावी, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही.

६.४ वाल्या बाईचे काय

तिला गोळ्या पुरणार नाहीत. दम लागतो का, छाती धडधडते का, पाय सुजलेत का, हे तिथेच पाहायचे. यातले काही असेल किंवा आकडा ५ च्या खाली असेल तर त्याच रात्री गाडी करून सांगली किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात न्यायचे, कारण रक्त लागले तर ते तिथे मिळते. एरवी दोन दिवसांत उपजिल्हा रुग्णालयात नेऊन शिरेतल्या रक्ताची तपासणी आणि शिरेतून लोह.

कोणते औषध निवडायचे हा इथे न्यायाचा प्रश्न होतो. ४२ किलो वजन, ६.४ पासून १५ चे लक्ष्य, वर साठ्यासाठी ५०० मिलिग्रॅम धरून नेहमीच्या सूत्राने तिला सुमारे १,३६७ मिलिग्रॅम लोह हवे. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे सात फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तिला ८४० मिलिग्रॅम देता येते. आठवड्याच्या अंतराने दोन फेऱ्यांत काम होते. सात खाडे की दोन? बाई उपचार पुरा करणार की नाही हे या आकड्यावर ठरते. स्वस्त औषध महाग पडते ते असे. (दोन्ही औषधे गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टाळतात, आणि ॲलर्जीची रिॲक्शन सांभाळण्याची सोय असलेल्या ठिकाणीच देतात. कोपीवर कधीच नाही.)

अंदाजपत्रकासाठी तीव्र रक्तक्षयाचे प्रमाण ३ टक्के गृहीत धरले तर १९ बायका. प्रत्येकी दोन फेऱ्या, फेरीला गाडीचे १,५०० आणि दोघांच्या बुडालेल्या दिवसाचे १,००० रुपये गृहीत धरले तर ९५,००० रुपये. ही रक्कम पहिल्या प्रस्तावात शून्य होती. पैसे बाईच्या हातात, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने द्यायचे. मुकादमाला एक रुपयाही द्यायचा नाही. संशोधनाने खाडा भरला अशी प्रथा पडली तर आपणच त्या दंडाला मान्यता दिल्यासारखे होते. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणाऱ्या व्यवहाराला १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होऊ शकतो, हे पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

आणि पिशवी. बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ही पार्श्वभूमी ठाऊक असताना ‘अंगावरून जास्त जाते, डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगणे धोक्याचे आहे. ती जवळच्या खासगी दवाखान्यात जाईल आणि शस्त्रक्रियेचा सल्ला घेऊन येईल. आपलीच चिठ्ठी त्या वाटेचे पहिले पाऊल ठरेल. म्हणून संदर्भ द्यायचा तो आधी बोलणी करून ठेवलेल्या, नावानिशी ठरलेल्या शासकीय स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. सोनोग्राफी तिथेच व्हावी, आणि ट्रानेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारे औषध), हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनयुक्त तांबी हे पर्याय बाईला तिच्या भाषेत समजावले जावेत. पिशवी काढल्यावर कंबरदुखी जात नाही आणि अंडाशयही काढले तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हे तिला आणि शेजारच्या वयस्क बाईलाही सांगायला हवे. टोळीत सल्ला तीच देते.

मुकादमाची यादी

नाही म्हणायचे, आणि कारण सांगून नाही म्हणायचे. पण तोंडी नकार पुरत नाही. टोळीत आठ जणी तपासल्या आणि ‘टोळी क्रमांक ३: तीव्र १’ असा तक्ता कारखान्याला दिला की ती बाई कोण हे अर्ध्या तासात कळते, गाडीत बसून दवाखान्यात गेलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. पुढच्या साली त्या कोयत्याला उचल कमी मिळेल किंवा मिळणारच नाही. म्हणून अहवाल अनेक टोळ्या एकत्र करून, गटनिहायच द्यावा, टोळीनिहाय कधीच नाही. नावांची यादी आणि आकडे वेगळ्या कुलपात ठेवावेत. दवाखान्याची गाडी तीव्र रक्तक्षयवालीसोबत इतर कारणांसाठी जाऊ इच्छिणाऱ्या दोन-तीन बायका आणि मुलांनाही घेऊन जावी. त्याने ओळखही झाकली जाते आणि लसीकरणही होते.

नैतिकता समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. दुर्बल गटाची प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बोलावता येते. जत भागातली, हंगाम केलेली एखादी बाई त्या बैठकीत असती तर ‘संदर्भ चिठ्ठी द्यावी’ ही ओळ वाचून तिने लगेच विचारले असते, कधी जायचे आणि कोण नेणार.

पट्टा पडल्यावर

फेब्रुवारीच्या अखेरीस, टोळ्या हलण्याआधी, प्रत्येक तळावर बायकांना एकत्र बसवून एकूण निकाल सांगावा. स्वतःचा आकडा प्रत्येकीला एकटीला. सोबत एक जाड, पाण्याने न भिजणारे कार्ड: तारखा, हिमोग्लोबिनचे आकडे, दिलेली औषधे आणि उरलेल्या गोळ्यांचा हिशेब. गरोदर बाईचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) क्रमांक कार्डावर ठळक लिहावा, तो तिच्या गावच्या केंद्रातही चालतो. ज्यांचा उपचार अपुरा आहे त्यांच्या संमतीने गावच्या आशाताईला फोन करून कळवावे.

जूनमध्ये, बायका गावी असताना, तीव्र गटातल्या प्रत्येकीला फोन. मोबाइल बहुधा नवऱ्याकडे असतो, म्हणून कोणत्या वेळी आणि काय म्हणून फोन करायचा हे तिनेच फेब्रुवारीत सांगितलेले असावे. प्रश्न तीनच: गोळ्या चालू आहेत का, पाळी किती दिवस जाते, आणि कोणी पिशवी काढायला सांगितले आहे का. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाने तिला परत फोन करायचा. या फोनसाठीचे मानधन आणि तज्ज्ञाचा वेळ ऑक्टोबरपर्यंतच्या अंदाजपत्रकात धरलेला असावा. शोधनिबंधाच्या मुख्य तक्त्यात किती जणींना रक्तक्षय आढळला याच्या शेजारी किती जणींचा उपचार सुरू झाला आणि किती जणींचा पुरा झाला, हे दोन रकाने छापावेत.